मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, मग कमी खर्चाचं ऑपरेशन चालेल का?

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याला काजवे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. शेंडी गावात माझ्या मोठ्या मामूंचं चहाचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत मामूंनी एका गिऱ्हाईकाला पन्नासची समजून पाचशेची नोट परत दिली. माणूस भला होता, त्याने लगेच नोट परत केली. मामू हसून म्हणाले, "अंधारात चुकलं बेटा." पण अंधार कुठे होता? भर दुपार होती.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळलं की मामूंना दिसत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना तालुक्याबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डावा डोळा पूर्ण पांढरा झालेला, उजव्यातही मोतीबिंदू चांगलाच वाढलेला. काउंटरवरच्या मुलाने फेको मशीनचा खर्च सांगितला, एका डोळ्याचे चाळीस हजार. "धर्मादाय दवाखान्यात कमी पैशात होत नाही का?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते हाताने करतात. जुनी पद्धत आहे. इतक्या पिकलेल्या डोळ्याला रिस्क कशाला घेता?"

आम्ही घाबरलो आणि घरी आलो. मामूंचा मुलगा म्हणाला, पैसे साठवू आणि चांगलंच ऑपरेशन करू. पैसे साठवण्यात एक वर्ष गेलं. त्या वर्षात मामू दोनदा पायरीवरून पडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या वर्षाची मला लाज वाटते, कारण थोडं वाचलं असतं, दोन जाणत्या डॉक्टरांना विचारलं असतं, तर ते वर्ष वाया गेलं नसतं. तुमच्या घरात कुणी दादी, नाना, चाचा अशाच भीतीपोटी थांबले असतील, म्हणून जे समजलं ते इथे मांडते.

पिकणं म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते एका पातळ पिशवीत बसवलेलं असतं. वय वाढतं तसं हे भिंग गढूळ होतं, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. डोळ्यावर बाहेरून पडदा येत नाही, आतलं भिंगच खराब होतं. म्हणून कुठल्याही थेंबाने, सुरम्याने किंवा मधाने मोतीबिंदू विरघळत नाही. आजवर असं सिद्ध झालेलं औषध नाही. भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग, म्हणजे लेन्स, बसवणं हा एकच इलाज आहे.

सुरुवातीला भिंग मऊ असतं. वर्षं जातात तसं कुणाचं भिंग दुधासारखं पांढरं होतं, तर कुणाचं तपकिरी होऊन खडीसारखं कडक होतं. याला आपण 'पिकला' म्हणतो.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, "पिकू दे, मग काढू." एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. तेव्हा भिंग पिशवीसकट बाहेर काढत, आत लेन्स बसवत नसत आणि माणसाला जाड भिंगाचा चष्मा घालावा लागे. नजर पार गेल्याशिवाय त्या ऑपरेशनचा फायदा नव्हता. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली आणि पुढच्या काही दशकांत ती जगभर पोचली. आता पिकायची वाट बघण्यात फायदा नाही, नुकसान मात्र आहे. फार पिकलेलं भिंग फुगतं किंवा त्यातला द्रव झिरपतो. मग डोळ्यातला दाब वाढून भयंकर दुखतं, आणि दाबाने डोळ्याची नस कायमची जाऊ शकते. नस गेली तर कितीही महागडं ऑपरेशन करा, नजर परत येत नाही.

दोन पद्धती, एकच काम

फेको पद्धतीत साधारण तीन मिलिमीटरची चीर असते. त्यातून एक बारीक नळी आत जाते. ध्वनिलहरींच्या कंपनाने ती भिंगाचा चुरा करते आणि तो ओढून घेते. मग घडी घातलेली लेन्स आत सोडतात, ती आत उघडते. हे मशीन महाग असतं. त्याला लागणारं साहित्य आणि देखभालही महाग असते.

दुसरी पद्धत म्हणजे हाताने केलेलं, छोट्या चिरेचं, बिनटाक्याचं ऑपरेशन. डॉक्टर त्याला एसआयसीएस म्हणतात. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात. पिशवीचा पुढचा भाग गोल कापतात. पांढऱ्या मोतीबिंदूत ही पिशवी दिसत नाही, म्हणून आधी तिला निळा रंग देतात. मग कडक भिंग न फोडता अख्खं बाहेर काढतात. उरलेला गाळ धुतात आणि त्याच पिशवीत लेन्स बसवतात. बोगदा तिरका असल्यामुळे डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो मिटतो. डोहाची झडप पाण्याच्या दाबाने घट्ट बसते, तसंच. म्हणून बहुतेक वेळा टाका लागत नाही.

यातली 'हाताने' ही गोष्टच लोकांना घाबरवते. पण हे ऑपरेशनही मायक्रोस्कोपखालीच होतं, लेन्सही आतच बसते. आपल्या आजोबांच्या काळातलं टाक्यांचं मोठं ऑपरेशन वेगळं आणि हे वेगळं. काउंटरवरच्या त्या मुलाने दोन्हींना एकाच पोत्यात घातलं होतं.

भिंग जितकं कडक, तितका फेकोत ध्वनिलहरींचा जोर जास्त लागतो. डोळ्याच्या काचेच्या, म्हणजे पारपटलाच्या, आतल्या बाजूला पेशींचा एकच नाजूक थर असतो. त्या पेशी मेल्या तर पुन्हा तयार होत नाहीत. फार मेल्या तर पारपटल सुजून धूसर होतं. सराव असलेले सर्जन फेकोनेही कडक मोतीबिंदू नीट काढतात. पण दगडासारख्या भिंगाला हाताची पद्धत कमी पडते, हे बरोबर नाही. उलट अशाच डोळ्यांसाठी अनेक अनुभवी डॉक्टर ती पसंत करतात.

पुण्यात झालेली तुलना

आपल्याला अमेरिकेचं उदाहरण शोधायची गरज नाही. पुण्याला हडपसरजवळ महंमदवाडीत ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी या पद्धती समोरासमोर तपासल्या. कुणाला कुठलं ऑपरेशन, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं, म्हणजे सोपे डोळे एका बाजूला आणि अवघड दुसऱ्या बाजूला असं होऊ नये.

पहिली तुलना २००३ मध्ये छापून आली. ७४१ रुग्ण होते. जुनं टाक्यांचं ऑपरेशन आणि छोट्या चिरेचं ऑपरेशन यांची ती तुलना होती. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याने बऱ्यापैकी दिसणारे लोक जुन्या पद्धतीत १०० पैकी ३७ होते, छोट्या चिरेत ४८. म्हणजे जुन्यापेक्षा ही पद्धत सरस ठरली.

दुसरी तुलना २००५ मध्ये आली, फेको विरुद्ध छोटी चीर. ४०० डोळे. इथे 'बऱ्यापैकी' म्हणजे ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर. निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते अक्षर या माणसाला ६ मीटरवरून वाचता येतं. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याने एवढं दिसणारे फेकोत १०० पैकी ८१ होते आणि छोट्या चिरेत ७१. हा फरक खरा आहे, तो लपवू नये. मोठ्या चिरेमुळे पारपटलाचा गोलावा थोडा बदलतो आणि तिरका नंबर येतो. पण योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर दोन्हीकडे आकडा एकच आला, १०० पैकी ९८. आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणारा रुग्ण छोट्या चिरेच्या गटात एकही नव्हता. पिशवी फाटण्याचा त्रास फेकोत ७ डोळ्यांना झाला, छोट्या चिरेत १२ डोळ्यांना.

या चाचणीत सगळ्या प्रकारचे मोतीबिंदू होते. आपला प्रश्न पूर्ण पिकलेल्याचा आहे. त्याचं उत्तर पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयातून २०१० मध्ये आलं. तिथे २७० रुग्ण फक्त पांढऱ्या मोतीबिंदूचे घेतले होते. सहा आठवड्यांनी चष्म्यासह चांगलं दिसणारे फेकोत ९९ टक्के, हाताच्या पद्धतीत ९८ टक्के. पिशवी फाटली फेकोत तिघांची, हाताच्या पद्धतीत दोघांची. वेळ लागला फेकोला सरासरी १२.२ मिनिटं आणि हाताच्या पद्धतीला ८.८ मिनिटं. नेपाळमध्ये डॉ. सांदुक रुइत यांनी हीच पद्धत डोंगराळ भागात पोचवली. तिथे २००७ मध्ये छापलेल्या तुलनेतही सहा महिन्यांनी दोन्ही गटांत चष्म्यासह ९८ टक्के लोकांना चांगलं दिसत होतं.

थोडक्यात, तुमच्या नानांना नंतर चष्मा चालणार असेल, तर नजरेच्या बाबतीत ते काही गमावत नाहीत.

मग स्वस्त कसं पडतं?

स्वस्त म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी भेसळ असणार. इथे तसं नाही. महागडं मशीन लागत नाही. घडीची लेन्स लागत नाही, साधी कडक लेन्स चालते, कारण चीर तेवढी मोठी असतेच. ही लेन्स पूर्वी परदेशातून यायची आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केलं. त्यांच्याच संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब नावाचा कारखाना काढून लेन्स भारतात बनवायला घेतली आणि किंमत कोसळली. शिवाय ऑपरेशनला वेळ कमी लागतो, त्यामुळे एक सर्जन दिवसात जास्त रुग्ण बघतो. पैसे देऊ शकणाऱ्यांकडून घेतलेल्या फीमधून गरिबांचा खर्च निघतो. धर्मादाय नेत्र रुग्णालयं बहुधा याच हिशेबावर चालतात.

सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ पासून आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत आणि संलग्न संस्थांत हे ऑपरेशन मोफत होतं. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या अंध लोकांत तीनपैकी दोघांचं कारण मोतीबिंदूच निघालं. म्हणजे ज्याचा इलाज आहे त्याच आजाराने माणसं आंधळी बसली आहेत.

धोका कुठे असतो?

शंभर टक्के सुरक्षित असं कुठलंही ऑपरेशन नसतं. मदुराईच्या अरविंदमध्ये ७९ हजारांहून जास्त ऑपरेशनांचा हिशेब तपासला गेला. ऑपरेशन चालू असताना गुंतागुंत फेकोत १.११ टक्के आणि छोट्या चिरेत १.०१ टक्के निघाली. पण शिकाऊ डॉक्टरांच्या हातून फेकोत ती ४.८ टक्के झाली, छोट्या चिरेत १.४६ टक्के. मशीनपेक्षा हात महत्त्वाचा, तो असा.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग. त्यात डोळा जाऊ शकतो. तो क्वचित होतो. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडलं तर तो आणखी कमी होतो. अरविंदमध्ये सहा लाखांवर ऑपरेशनांत हे पाहिलं गेलं. दहा हजारांमागे सातांना व्हायचा, तो दोघांवर आला.

आणि तरी बातम्या येतात. २०२१ च्या नोव्हेंबरात बिहारमध्ये मुझफ्फरपूरला एका दिवसात ६५ जणांची ऑपरेशनं झाली. त्यातल्या अनेकांना संसर्ग झाला आणि कित्येकांचे डोळे काढावे लागले. असं होतं तेव्हा दोष पद्धतीचा नसतो. निर्जंतुक न केलेली हत्यारं, खराब द्रव, घाई यांतून हे घडतं. फेको मशीन असलेल्या थिएटरमध्येही हेच घडू शकतं. म्हणूनच नियम असा आहे की शिबिरात फक्त तपासणी करायची, ऑपरेशन कायमच्या ऑपरेशन थिएटरमध्येच. कुणी शाळेच्या खोलीत, मंगल कार्यालयात किंवा तंबूत ऑपरेशन करतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. तो फुकट करत असला तरी.

जाण्याआधी हे विचारा

दवाखान्यात आपण गप्प बसतो. डॉक्टर रागावतील असं वाटतं. पण हे प्रश्न विचारणं आपला हक्क आहे.

१) सर्जन कोण, आणि अशी पिकलेली ऑपरेशनं ते नेहमी करतात का?

२) लेन्सचा नंबर डोळा मोजून काढणार ना? प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं असतं. सर्वांना एकच नंबर बसवणं चुकीचं.

३) मागचा पडदा तपासला का? मोतीबिंदू पांढरा असेल तर आतलं दिसत नाही, मग सोनोग्राफी करतात. चारही बाजूंनी टॉर्च मारून उजेड कुठून येतो हे विचारतात. काचबिंदू किंवा शुगरमुळे पडदा खराब असेल तर ऑपरेशननंतर किती दिसेल, हे आधीच कळायला हवं.

४) शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का?

५) दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने कोण तपासणार? रात्री-अपरात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा?

आपल्याकडूनही काही गोष्टी सांगायच्या असतात. शुगर, ब्लडप्रेशर, दमा आहे का. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आणि हे कुणी सांगत नाही, पण पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती नक्की सांगा. तिच्यामुळे बाहुली ऑपरेशनच्या वेळी ढिली पडते, सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीत राहतो. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ऑपरेशननंतर: नमाज, वुजू, रोजा

आपल्या बुजुर्गांच्या मनात हा प्रश्न पहिला येतो आणि डॉक्टरला विचारायला ते लाजतात. पहिले काही दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही आणि खाली वाकून डोक्यावर जोर द्यायचा नाही. शरीअतमध्ये आजाऱ्याला सवलत आहे. जिथे पाणी लावणं नुकसानीचं, तिथे मसह करता येतो. खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करता येतो. डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, हे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत मान्य आहे. तरी मनात शंका राहू नये म्हणून आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. पण रोज्याचं कारण देऊन थेंब चुकवू नका.

घरातल्या बायकांबद्दल एक बोलायचंय. नाना, चाचा यांचं ऑपरेशन होतं, दादी-नानीचा नंबर शेवटी लागतो. "मला कुठे बाहेर जायचंय" असं त्या म्हणतात आणि आपण ऐकून घेतो. चुलीपुढे, जिन्यावर, रात्री मोरीकडे जाताना त्यांनाही दिसायला हवंच. पडद्याचं म्हणाल तर ऑपरेशनच्या वेळी चेहरा झाकलेला असतो, फक्त एक डोळा उघडा असतो. सोबत घरची बाई राहू द्या असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

थेंब साधारण महिना ते सहा आठवडे चालतात. थेंब घालणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे. आपल्या अकोले भागात भाताची लावणी असते, तेव्हा चिखलात, गुरांत काम करणाऱ्याने तारीख ठरवताना डॉक्टरला हे सांगावं. बाकी "ऑपरेशन थंडीतच करायचं" हा जुना समज आहे, ऋतूचा संबंध नाही.

चौथ्या-सहाव्या आठवड्यात चष्म्याचा नंबर काढायला जायचंच. पुण्याचे आकडे आठवा, ७१ चे ९८ चष्म्यानेच झाले. आपल्याकडे लोक ऑपरेशन करतात आणि चष्म्याला जात नाहीत, मग म्हणतात ऑपरेशन बिघडलं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर झालं तर पिशवीवर जाळी धरलेली असू शकते. लेसरने ती पाच मिनिटांत मोकळी होते, पुन्हा चीर लागत नाही.

पण डोळा जोरात दुखायला लागला, लाल झाला, पू आला, किंवा आलेली नजर अचानक कमी झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी निघा. भंडारदऱ्याहून पावसात निघायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. तरी निघा. अशा वेळी काही तासांनीही फरक पडतो.

मामूंचं काय झालं

मागच्या हिवाळ्यात आम्ही मामूंना एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. हाताच्या पद्धतीने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पिकलेलं भिंग कडक होतं, म्हणून दोन-तीन दिवस पारपटलावर सूज राहिली आणि आम्ही परत घाबरलो. थेंबांनी सूज उतरली. सहा आठवड्यांनी चष्मा लागला आणि तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ मामूंनी वाचली. लांबचा थोडा तिरका नंबर आहे, जवळचा चष्मा वेगळा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आता येत्या महिन्यात आहे, यावेळी पिकायची वाट बघणार नाही.

मामू परत गल्ल्यावर बसतात. साठवलेल्या पैशांतून त्यांनी दुकानाला नवीन पत्रे घातले. परवा मला म्हणाले, "बेटा, वो एक साल किसने खाया?" मी काही बोलले नाही. उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या घरात कुणाची बाहुली पांढरी दिसत असेल, तर याच आठवड्यात तपासून घ्या.